वैजनाथने जपलेली बॅटरी

दोन हजार आठ साली वसमतच्या एका पतसंस्थेतला कारकून वैजनाथ यानं लॅपटॉप घेतला आणि त्याच दिवशी ठरवलं, की याची बॅटरी लवकर म्हातारी होऊ द्यायची नाही.

लाईट असताना बॅटरी काढून ठेवली तर ती जास्त वर्षं टिकते, असं दुकानदार म्हणाला होता. तेवढ्यावर वैजनाथ सुधारला (बिघडला म्हणा हवं तर). लॅपटॉप वायरीवर चालवायचा, आणि बॅटरी बायकोच्या शालीत गुंडाळून कपाटात, साड्यांच्या मागे गारव्याला ठेवायची.

"अहो, माजी शाल!" लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली सृष्टी ओरडायची.

"थंडी पडली की देतो ना."

सृष्टीच्या माहेरी, शिरड शहापूरला, तिच्या भावाचं लग्न झालं होतं. पण तिची आई, म्हणजे वैजनाथच्या सासूबाई शकुबाई, तेव्हा पाय मोडून खाटेवर. पोटच्या पोराच्या अक्षता त्यांना पाहता आल्या नाहीत. लग्नाची सीडी आली होती, पण घरात ती लावायला काहीच नव्हतं.

"मामी, रविवारी लॅपटॉप घेऊन येतो," वैजनाथनं फोनवर छाती फुगवली.

"दुपारची लाईट नसती, जावईबापू."

"लाईट लागतीय कुणाला? माझी बॅटरी तीन तास चालते!"

रविवारी एसटीत बॅग जरा हलकी लागली. त्याला वाटलं, आपल्या अंगात ताकद आली.

ओसरी माणसांनी भरली होती. शकुबाई काठी टेकत येऊन अगदी पुढ्यात बसल्या. अंगावर घडी मोडलेली नवी साडी. लग्नात नेसायची राहिलेली तीच. वैजनाथनं ऐटीत झाकण उघडलं, सीडी घातली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग यंत्र उलटं केलं, तर खाली हातभर वाटावी अशी मोकळी जागा.

त्याच्या डोळ्यांपुढे शाल आली. साड्यांच्या मागची.

"काय झालं?" सासरे उकंडरावांनी विचारलं.

"बॅटरी... घरी राहिली."

"एवढंच व्हय!" शेजारचे तातेराव उठले. "माजी हाय की!"

ते घरून पळत आले ते तीन सेलची लांबलचक बॅटरी घेऊन. रात्री रानात पिकाला पाणी द्यायला दारं धरताना वापरायची ती. त्यांनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर झोत सोडला.

"हां, आता लावा. दिसून राहिलं का बगा, शकुबाई."

शकुबाईंनी वाकून निरखलं. पडद्यात त्यांचाच चेहरा दिसला. "मीच हाय की ही," त्या म्हणाल्या, "पर मी तर लग्नाला न्हवते."

ओसरी हसली. वैजनाथला मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. शकुबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "असू द्या. फुडच्या खेपंला बगू," आणि त्या असं म्हणाल्यामुळे त्याला आणखीच मेल्यासारखं झालं.

माणसं पांगल्यावर उकंडरावांनी त्याला गोठ्यामागं नेलं.

"खरं सांगा, जावईबापू. अर्धीच मशीन काहून घेतली?"

"अं?"

"लाजू नका. मी मोटार घेतली तवा पाईप न्हवते. रानातली हळद निघाली की उरलेली घेऊन टाकू. सगळ्या गोष्टी एकदम न्हाई जमत."

वैजनाथनं क्षणभर विचार केला. अर्ध्या मशीनचा मालक व्हावं, का बॅटरीला शालीत निजवणारा पुरा येडा? पहिल्यात अब्रू जरा तरी शिल्लक राहत होती.

"व्हय मामा," तो मान खाली घालून म्हणाला. "अर्धीच परवडली."

"बाबा!" पाठीमागं सृष्टी चहा घेऊन उभी होती. "मशीन पुरी हाय. कमी हाय ते मानसात."

मग तिनं शालीपासून सगळं सांगितलं.

उकंडरावांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मोठा श्वास सोडला, आणि लेकीला हळूच म्हणाले, "असू दे. दोन वरसं वापरल्यावर आता बदलून कोन देतंय?"