आडरानातले तळे

लेखन हे माझे क्षेत्र नव्हे. आयुष्यभर ग्रंथालयात इतरांची पुस्तके लावली. स्वतःच्या चार ओळी मांडण्याचे धाडस आता निवृत्तीनंतर करीत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु इंगळे सरांविषयी कोणीतरी लिहायलाच हवे, आणि मला त्यांच्याविषयी काही विचारायचेही आहे.

सरांच्या नकाशावर चहा सांडला, तर तिथे तळे होते.

तळे कागदावरचेच, पण सरांच्या लेखी खरे. चित्रकलेचे हे निवृत्त शिक्षक दर आठवड्याला तीन गावी एक खेळ चालवतात. खेळ बोलण्याचा. आपण टेबलाभोवती बसायचे; सर एक प्रदेश वर्णन करून सांगतात, आपण प्रत्येकाने त्यातले एकेक माणूस व्हायचे, आणि आपला बेत साधला की फसला, हे फासा ठरवतो. देऊळघाटला लुटारूंचा खेळ, साखरखेर्ड्याला व्यापाऱ्यांचा, सुलतानपूरला वैद्यांचा. तिन्हींचे नियम निराळे. प्रदेश मात्र एकच, त्याचे नाव आडरान. आमच्या लुटारूंनी सोमवारी पूल जाळला, की गुरुवारी साखरखेर्ड्याच्या व्यापाऱ्यांचे बैल नदीकाठी अडकून पडतात. कोणी तक्रार केलीच, तर सरांचे उत्तर ठरलेले: "घडलं ते घडलं. आता पुसल्या जात नाही."

नकाशाही एकच. तो प्लास्टिकच्या पाइपात घालून सर एसटीने नेतात. कंडक्टरने एकदा विचारले, "सर, बोअरचा पाइप काय?"

"नाही बाप्पा. देश हाय."

चहा मात्र चुकून सांडलेला हवा. आमच्यातल्या प्रशांत मेडिकलवाल्याने एकदा शत्रूच्या किल्ल्यावर मुद्दाम अर्धा कप ओतला. सरांनी तो शांतपणे रुमालाने टिपला. "हे पाणी नाही, चहाच हाय. अन् तू तीन सोमवार घरी बस."

मी देऊळघाटच्या टोळीत कंदील धरते. अकरा महिन्यांत याखेरीज मी काहीही केले नव्हते. "मॅडम, तुम्ही काय करता?" असे सर दर वेळी आदराने विचारत, आणि मी म्हणे, "कंदील धरते."

आडरानातल्या नदीवर यमूबाई नाव चालवते. ती तिन्ही खेळांत आहे. लुटारू असो वा वैद्य, नावेत पाय ठेवला की ती विचारते, "जेवला काय बाप्पा?" नाही म्हटले, तर आधी भाकर, मग नदी. सर तिचा आवाज इतक्या हौसेने काढत की आम्हाला हसू आवरत नसे.

गेल्या महिन्यात प्रशांत म्हणाला, "मी नावेचा दोर कापतो."

सरांचा चेहरा उतरला. "काऊन?"

"राजाचे शिपाई बसून राह्यले ना नावेत! खाली धबधबा. एका दमात सारे साफ."

"यमूबाई हाय त्या नावेत."

"मालूम हाय सर. खेळच तं हाय."

"तिनं तुले भाकर देली होती बे!"

"देली होती. पण फासा सगळ्यायले सारखा, हे तुमीच तं म्हणता."

प्रशांतला फाशावर चार किंवा अधिक हवे होते. सहा पडले. दोर तुटला.

यमूबाई इथे बुडाली, तर साखरखेर्ड्यातही बुडणार आणि सुलतानपुरातही. तिच्यासाठी सरांनी फासा उचलला. आता केवळ सहाच तिला वाचवू शकत होता. त्यांनी तो मुठीत घेतला आणि मूठ उघडेना. प्रशांतचे हसू मावळले होते.

"सर, राहू द्या हो. नाही कापत मी दोर."

"घडलं ते घडलं," सर म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. मूठ हळूहळू सैल होऊ लागली.

तेवढ्यात माझा कप नकाशावर आडवा झाला.

धबधब्यापासून थेट नावेपर्यंत चहा पसरला. मी पदर पुढे केला, तोच सर ओरडले, "पुसू नका!" ते कितीतरी वेळ नकाशावर वाकून राहिले. "तळं," ते अखेर म्हणाले. "तळ्याले धार नसते. नाव जागच्या जागी हाय." आणि त्यांनी फासा खिशात टाकला.

नकाशा खराब केल्याबद्दल क्षमा मागावी, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या.

"जेवली काय माय?"

"जेवले," मी म्हणाले. मी चप्पल काढेपर्यंत त्यांनी पुन्हा तेच विचारले.

"माही मोठी बहीण, यमुना," सर म्हणाले. "तिनंच वाढवलं मले. आता कोणीच ओळखू येत नाही तिले. मीही नाही. रोज सांजच्याले विचारते, आज नावेत कोण कोण बसलं? मी सांगतो. तीन गावचे लोक ओळखतात तिले, तेही सांगतो. तिच्यासंगं मी कधी खोटं बोललो नाही, मॅडम. काल काय सांगतलं असतं?" मग ते बहिणीकडे वळले. "बाई, ह्याच त्या. ह्यायच्याच हातून चहा सांडला."

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

अकरा महिन्यांत माझ्या हातचा कप एकदाही हिंदकळला नव्हता, हे सरांच्या अद्याप लक्षात आलेले नाही. मुद्दाम सांडलेला चहा हे पाणी नव्हे, हा नियम त्यांचाच आहे. आणि ते बहिणीशी खोटे बोलत नाहीत. वाचकहो, मी त्यांना खरे सांगावे का?