सरावाचे रोडगे

सर्व्हर अपग्रेड कसा करायचा, हे माझ्याकडून शिकावं! मागच्या मे महिन्यापर्यंत मी हे कोणालाही छाती ठोकून सांगायचो. आता कोणी विषय काढला, की मी ताक प्यायला उठतो.

आमची पतसंस्था अकोल्याची. मुख्य कार्यालय जठारपेठेत आणि शाखा परतवाडा, मूर्तिजापूर, अमरावती अशा पसरलेल्या. या साऱ्या शाखांमधले कॉम्प्युटर एका म्हाताऱ्या सर्व्हरच्या धाकात असतात. कोणात काय नवीन टाकायचं, कोणाच्या पडद्यावर काय सूचना झळकवायची, सगळं तोच ठरवतो आणि आपल्या डेटाबेसमध्ये लक्षात ठेवतो. आता मात्र तो इतका थकला होता, की एक सूचना पाठवायची तर चहा पिऊन, पान खाऊन परत यावं!

आमचे व्यवस्थापक खुशालराव साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शिवम, हा सर्व्हर नवा कर. बिनबोभाट झालं तर तुले नोकरीत पक्का करतो. बोंब झाली, तर तू तुह्या घरी मोकळा!"

ही नोकरी जाऊन चालणार नव्हतं. कारण माझं लग्न याच्यावर अडलं होतं. आकांक्षाला मी पसंत होतो, पण तिचे काका किशोरराव आमच्याच परतवाडा शाखेचे प्रमुख. "आधी पक्का हो, मग बोलू," एवढंच ते म्हणत.

"साहेब, केसालाही धक्का लागणार नाही!" मी म्हटलं.

आणि माझा बेत खरंच पक्का होता! जुन्या सर्व्हरची हुबेहूब नक्कल एका दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पेटीत करायची. ती पेटी मागच्या स्टोअररूममध्ये, नेटवर्कची वायर काढून ठेवायची. सगळा सराव तिच्यावर. नक्कल मेली तरी बाहेर कोणाला पत्ता नाही!

पण अकोल्याचा मे महिना. त्या खोलीत माणूस टिकत नाही, पेटी काय टिकणार? तापायची आणि बंद पडायची. वैतागून मी जेवायला गेलो. परत येतो तर काय! पेटी हॉलमध्ये, मोठ्या कूलरसमोर, चक्क स्टुलावर बसलेली!

"लेकरावानी तापलं होतं रे ते," मैनाबाई म्हणाल्या. ऑफिसचं चहापाणी आणि साऱ्यांच्या तब्येती त्याच पाहतात. "म्हटलं, हवेशीर ठेवा."

"मावशी, लय मोठं काम केलं!" मी म्हटलं. पेटीच्या मागे तेवढं पाहिलं नाही.

आधी डेटाबेस नवा केला, मग सर्व्हर. सगळीकडे हिरव्या खुणा! आता सूचना जाते का, एवढं तपासायचं होतं. वायर नाही, म्हणजे कोणाला दिसणार? मी मोकळ्या हाताने टाइप केलं: "आज संध्याकाळी खुशालराव साहेबांच्या घरी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. सहकुटुंब यावे." आणि एकटाच हसत बसलो. कारण आमचे साहेब असे चिकट, की कोणी घरी गेलं तर चहाआधी विचारतात, "शुगर तर नाही ना जी तुम्हाले?" गंमत म्हणून 'दररोज' वरही खूण केली आणि बटण दाबलं.

दिंग!

काउंटरवरच्या नीलमचा कॉम्प्युटर वाजला. मग शेजारचा. मग अख्खा हॉल!

"अगं माय! साहेबांकडं रोडगे?" नीलम किंचाळली.

मी पेटीच्या मागे वाकलो. वायर लावलेली!

"मावशी, ही वायर कोणी लावली?"

"म्याच. लोंबून राहिली होती बिचारी. देल्ली लावून."

अरे बाप्पा! मी वायर उपटली. पुरावा नको म्हणून त्या पेटीतलं होतं नव्हतं सगळं पुसून टाकलं आणि परतवाड्याला फोन लावला.

"काका, ते आमंत्रण…"

"भेटलं ना! शटर पाडलं, जीप भरली, आमी निघालोच!"

"पण काका, ते खरं आहे का, एकदा विचारायचं तरी…"

"रोडग्याचं आमंत्रण खरं का खोटं, असं कोणी विचारते का राजा?" फोन बंद! होणाऱ्या चुलतसासऱ्याला यापुढे काय सांगू, कपाळ?

मूर्तिजापूरवाले गाडीत बसले होते. अमरावतीवाले तर शहर ओलांडून पुढे! मी गाडी काढली आणि साहेबांच्या घरी धावलो. फाटकात आमच्या ऑफिसवाल्यांची ही गर्दी! साहेब दुपारची झोप अर्धवट टाकून बनियनवर उभे.

"शिवम, हे लोक काहून येऊन राहिले रे?"

मी खरं सांगायला पुढे झालो. तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, गीतांजली काकू, बाहेर आल्या.

"अवं माय! इतक्या वर्षांत कोणाले बोलावलं नाही तुमी, अन् आज सारा गाव! मले सांगाचं तर होतं!" त्यांचे डोळे भरून आले. लगेच पदर खोचला. कोणी गोवऱ्या आणल्या, कोणी वांगी, किशोररावांनी घरचं तूप. अंगणात जाळ पेटला. "साहेब, दिलदार माणूस!" असं जो तो म्हणत होता आणि साहेब डोक्यात काही पडल्यासारखे पाटावर बसले होते.

जेवणं उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे तू केलं?"

"हो," मी म्हटलं.

ते काकूंकडे बघत राहिले. काकू हसत होत्या. "उद्या ये," साहेब म्हणाले. "पक्का करतो तुले."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये साहेबांनी माझ्या कागदावर सही करायला पेन उघडलं आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर वाजलं, दिंग!

त्यांनी चष्मा लावून वाचलं. पेनाला टोपण लागलं.

"आज पण?"

"साहेब, ते… दररोज आहे."

"मंग रद्द कर ना!"

"जिथून रद्द व्हायचं, ते मीच काल पुसलं. सूचना मात्र साऱ्या कॉम्प्युटरांत उतरून बसली. आता प्रत्येकातून हाताने काढावी लागेल."

"काढून ये! मंगच सही!"

तेव्हापासून मी एसटीने शाखा-शाखा फिरतो आहे. कोणी हात लावू देत नाही! आज परतवाड्यात किशोरराव कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून बसलेत.

"जावईबापू, चहा घ्या. पण याले हात नाही लावाचा!"

'जावईबापू' ऐकून मी हरखलो. "काका, म्हणजे बोलणी?"

"रविवारी उरकून टाकू. दोन्हीकडचे पाहुणे बोलावले मी."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? साहेबांच्या घरी! तिथं तर आता रोजच रोडगे असतात!"

चला, येतो मी. ताक प्यायचं आहे.