मामींचा एकटीचा फोटो

शिकवण्याआधी एकदा घरात करून बघावं, एवढाच माझा विचार होता. एरवी मी विचार करत नाही आणि घर सुरळीत चालतं. पण त्या रविवारी जेवण झाल्यावर मी विचार केला.

मी दौंडच्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. म्हणजे दाखले, बोनाफाईड आणि शिक्षक नको म्हणतात ती सगळी कामं. यंदा दहावीच्या निरोपाला मुलांच्या फोटोंचं पुस्तक काढायचं ठरलं. त्याला इयरबुक म्हणतात, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. फोटो मुलंच काढणार, पण त्यांना चार टिप्स कोण देणार? बाईंची नजर फिरत फिरत माझ्या नव्या मोबाईलवर येऊन थांबली. (त्यातला मला फक्त अलार्म लावता येतो, हे बाईंना ठाऊक नव्हतं.)

सोमवारी अकरा वाजता तास. पाच मुलं, आणि त्यात प्रांजल. ही आमच्याच गल्लीत राहते आणि हिला प्रश्न पडतात. "सर, कॅमेऱ्यातलं आयएसओ म्हणजे काय?" असं तिनं शुक्रवारी जिन्यात विचारलं. मी "सोमवारी सांगतो" म्हणालो. रात्रभर सात व्हिडिओ बघून टिप्स वहीत उतरवल्या. आता सरावाला माणूस हवा होता. सुलक्षणा, म्हणजे आमची सौभाग्यवती, मैत्रिणीकडं केडगावला गेलेली, संध्याकाळच्या डेमू गाडीनं येणार. राहिल्या मामी.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपदाबाई. न्हावरे गावाहून रक्त तपासायला आठ दिवस आमच्याकडं आलेल्या. रिपोर्ट मी शनिवारीच आणला होता आणि "सगळं नॉर्मल" असं सांगून कपाटावर ठेवून दिला होता.

इथं मला एक गोष्ट सुचायला हवी होती. आमच्या सासऱ्यांचा भिंतीवरचा हार घातलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला आहे. त्यांच्या खांद्यावर अजून एका अनोळखी पाव्हण्याचा हात आहे. कारण आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला नीट बसवून एकट्याचा फोटो काढतात तो एकाच कामासाठी, आणि त्या कामाला आधीपासून तयारी करायला कुणी धजत नाही. पण माझं सगळं लक्ष वहीत.

"मामी, जरा खिडकीपाशी बसता का? पांढऱ्या भिंतीपुढं."

"कशापायी?"

"फोटो काढायचाय. एकटीचा."

मामी बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ती बोरमाळ काढून ठेवा." (टीप तिसरी: चमकणाऱ्या वस्तू टाळा.)

"काढून ठिवू?"

"आता तिचं काय काम? सुलक्षणाला द्या सांभाळायला."

मामींनी बोरमाळ काढली आणि जरा वेळ नुसती हातात धरली.

"निस्तं तोंडच घेताय व्हय?"

"खांद्यापर्यंत. मोठा करून भिंतीला लावायचाय." (वर्गाच्या भिंतीला, हे शब्द मी गिळले. बोलायला काय जात होतं?)

"समद्यांचा काढनार?"

"आधी तुमचा. तुमच्यानंतर सुलक्षणाचं बघू."

मामी हळूच म्हणाल्या, "जावईबापू, डाक्टर खरं काय म्हनला वो?"

मी फोकसमध्ये अडकलेलो. "काही नाही. तुम्ही आता कसलाच विचार करू नका. शांत राहा."

आणि काय सांगू, त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला! खऱ्या भावासाठी तासन्‌तास थांबावं लागतं, असं व्हिडिओतला माणूस म्हणत होता. मला दोन मिनिटांत मिळाला. मी अकरा फोटो काढले, त्यातला एक ब्लॅक अँड व्हाइट केला आणि कानात इअरफोन घालून आठवा व्हिडिओ लावला. त्यामुळं मामींनी आतून मुलाला केलेला फोन मला ऐकू आला नाही.

पाचला सुलक्षणा आली. आत गेली आणि बोरमाळ हातात घेऊन बाहेर आली.

"आईला काय झालंय?"

"काही नाही."

"मग कुठलं लुगडं नेसवायचं ते मला का सांगतीय?"

तेवढ्यात तिला माझ्या मोबाईलवरचा फोटो दिसला आणि ती किंचाळली. त्याच वेळी दारात पिकअप थांबला. माझा मेहुणा सर्जेराव बाजारला जायचा झेंडू तसाच भरलेला घेऊन निघाला होता. सोबत मामींची बहीण साळूमावशी, गल्लीच्या तोंडापासून रडत. फुलांची गाडी बघून शेजारचे सावळारामकाका चपला बाहेर काढून आत आले आणि दबक्या आवाजात विचारू लागले, "किती वाजता न्यायचं?"

"दाजी," सर्जेराव माझ्या अंगावरच आला, "आमाला सांगाया तुमास्नी तोंड न्हवतं?"

मी धडपडत रिपोर्ट काढला. पण मी वाचलेलं कुणी ऐकेना. ("तुमी कालबी नॉर्मलच म्हनला व्हता!") शेवटी गर्दी बघून आलेल्या प्रांजलनं कागद घेतला.

"हिमोग्लोबिन थोडं कमी आहे. बाकी सगळं नॉर्मल. आजी, पालेभाजी खा."

"मग फोटू कशापायी?" मामींनी विचारलं.

मी इयरबुक, टिप्स, सोमवार, सगळं सांगितलं. मामींनी पदरानं डोळे पुसले.

"दुपारधरनं मी मेल्यालीच व्हते, जावईबापू."

मला खरोखर लाज वाटली. मी वाकून त्यांचे पाय धरले.

"ऱ्हाऊ द्या. त्या खुर्चीत बसा." मी बसलो. "घड्याळ काढा. हलू नका. पोरी, खांद्यापोतर घे. मोठा करून लावू."

समोर मेहुणा, मावशी, बायको आणि पिकअपचा ड्रायव्हर उभे. माझ्याही चेहऱ्यावर खरा भाव आला. प्रांजलनं बटण दाबलं, आणि दुपारपासून पहिल्यांदा मामी पोट धरून हसल्या.

सोमवारी मी मुलांना एकच टीप दिली: फोटो कशासाठी काढतोय ते आधी माणसाला सांगा. उरलेला तास प्रांजलनं घेतला. आयएसओ म्हणजे काय, तेही तिनंच मला सांगितलं.

महिन्यानं पुस्तक आलं. शेवटच्या पानावर मी. पानभर, ब्लॅक अँड व्हाइट, भोवती काळी चौकट, खाली लिहिलेलं 'आमचे मार्गदर्शक'. एक प्रत कुणाबरोबर तरी केडगावच्या साखरबाई आत्यांकडं पोचली. त्यांचा सुलक्षणाला फोन आला.

"पोरी, कवा गं झालं?"

"अगं आत्या, काही झालं नाही. हे काय, समोर बसून चहा पितायत."

"व्हय का?" आत्यांचा आवाज जरा पडला. "बरं, मंग ज्या पोरीनं फोटू काढला तिचा नंबर दे. आमच्या ह्यांचाबी काढून ठिवू म्हनते."

सुलक्षणानं नंबर दिला. त्या आठवड्यात प्रांजलला आणखी तिघांचे फोन आले. नमुना म्हणून ती माझाच फोटो दाखवते.