मुरलेली चाल

श्यामसुंदरराव मोबाइलवर बुद्धिबळ खेळत, पण हल्लीच्या पोरांसारखं घाईगर्दीचं नव्हे. दिवसाला एकच चाल, आणि तीही मुरवलेली. रात्री जेवणं झाली की टीपॉयवरच्या लाकडी पटावर ते चाल मांडत, तिच्यामागचा विचार भाजी निवडत बसलेल्या पत्नीला, सुहासिनीबाईंना सविस्तर समजावत आणि झोपायला जात. सकाळी आंघोळ झाली की पटावर जे दिसेल ते मोबाइलवर उतरवायचं.

"चाल लोणच्यासारखी असते," ते सांगत. "रात्रभर मुरली पाहिजे."

आणि ती मुरायचीही. सकाळी पटावर कधीकधी रात्रीपेक्षा निराळीच, कितीतरी सरस चाल दिसायची. ही आपल्याला कधी सुचली, असा प्रश्न त्यांना क्षणभर पडे. पण घरात दुसरं होतं कोण? चार वर्षांत रेटिंग नऊशेवरून साडेचौदाशेवर गेलं आणि छाती त्याहून जास्त फुगली.

खडकीच्या कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी यज्ञेश्वर आता स्वारगेटला राहत. त्यांना स्वतःखेरीज कुणाचं कौतुक सोसत नसे. निवृत्तांच्या ग्रुपवर ब्याऐंशी जणांदेखत त्यांनी आव्हान दिलं. हरेल त्याने ग्रुपवर लिहायचं, 'गुरुजी, चुकलो.'

महिनाभर डाव तोडीस तोड चालला. मग सुहासिनीबाई पाच दिवसांसाठी साताऱ्याला बहिणीकडे गेल्या. पहिल्याच दिवशी उंट गेला. तिसऱ्या दिवसापर्यंत दोन प्यादी गेली. सकाळी पटावर रात्रीचीच चाल, जशीच्या तशी बसलेली असायची. ग्रुपवर यज्ञेश्वरांनी विचारलं, 'लोणच्याला बुरशी आली काय रे?' श्यामसुंदररावांना तो टोमणा गिळवेना. त्यांनी साताऱ्याला फोन लावला.

"अगं, चाल मुरत नाहीये!"

"रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

"मी डावाचं बोलतोय."

"मी येईपर्यंत खेळूच नका. पटाला हात लावू नका. शनिवारी आले की धूळ मी पुसते."

धुळीचा इथे काय संबंध, हे काही त्यांना कळलं नाही.

रविवारी काळजीने त्यांना पहाटेच जाग आली. बाहेर येऊन पाहतात तर सुहासिनीबाई फडकं घेऊन टीपॉय पुसत होत्या. त्यांनी पटावरचा हत्ती उचलला, पुसला आणि रात्रीच्या चालीआधी होता तिथे मागे ठेवला. मग मिनिटभर पटाकडे पाहिलं आणि घोडा पुढे नेला.

"अगं! हत्ती मी पुढे आणला होता, तो मागे का नेलास? आणि घोडा?"

"हत्ती तिथे ठेवला की वजीर अडकतो," फडकं झटकत त्या म्हणाल्या.

"तू... चार वर्षं?"

"रोज नाही हो. फारच वाईट असेल तेव्हाच."

"पण तुला हे शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. रोज रात्री एवढं समजावून सांगता. त्याच्या उलट करायचं, बस्स."

श्यामसुंदररावांनी चष्मा लावला. मग त्यांनी घोड्याची ती चाल नीट पाहिली. ती इतकी देखणी होती की रागवायचं त्यांच्याने होईना. त्यांनी निमूटपणे ती मोबाइलवर उतरवली. त्या दिवसापासून चाल सुहासिनीबाईंनी मांडायची आणि समजावून घ्यायची यांनी. तिकडे यज्ञेश्वरांचा खेळ मात्र अचानक सैरभैर झाला. आठव्या दिवशी त्यांनी डाव सोडला आणि ग्रुपवर लिहिलं, 'गुरुजी, चुकलो. पण ती घोड्याची चाल तुला सुचली तरी कशी?'

ब्याऐंशी जण उत्तराची वाट पाहत होते. श्यामसुंदररावांनी 'अनुभव' असं लिहिलं. पुसलं. स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी अभिमानाने लिहिलं, 'ती चाल माझी नाही. आमच्या सुहासिनीची आहे. साडेचौदाशेही तिचेच.'

मग यज्ञेश्वरांचं उत्तर आलं, पण फक्त श्यामसुंदररावांना.

'कुणाला सांगू नकोस. आमची ही गेल्या शनिवारपासून सांगलीला आहे. बुधवारी येते. मग खरा डाव मांडू.'

श्यामसुंदररावांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"बुधवारी माझं भजन असतं," सुहासिनीबाई आतून म्हणाल्या. "गुरुवारी म्हणावं. पण इकडची झाडपूस करून मला डोकं चालवायला वेळ कुठला मिळायला?"

गुरुवारी सकाळी त्या पटासमोर बसल्या, तेव्हा श्यामसुंदरराव फडकं घेऊन खिडक्या पुसत होते. समोरच्या खिडकीत कुणी दिसलं की आपणहून सांगत होते, "हळू बोला. आत आमच्या हिची मॅच चालू आहे."