होरेस पिकेट कृष्णवर्णीय असल्याचा पुरावा

होरेस पिकेट कृष्णवर्णीय आहे हे मेम्फिसच्या पोलिसांना गेली पन्नास वर्षं लांबूनच कळत होतं. महापालिकेच्या कृष्णवर्णीय उद्योजक साहाय्य केंद्राला मात्र त्याचा कागद हवा होता.

होरेसचं तळलेल्या मासळीचं दुकान पाडून तिथे बसस्थानक होणार होतं. स्थानकातला एक गाळा कृष्णवर्णीय मालकासाठी राखीव होता. शुक्रवारपर्यंत केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं तर गाळा होरेसचा. नाहीतर एकाहत्तराव्या वर्षी घरी बसून भिंतीकडे बघायचं.

केंद्रात मिस कॅमिल बसायची. तीही कृष्णवर्णीयच. मदतीला इतकी उत्सुक, की येणाऱ्याला एक अर्ज पुरा पडत नसे.

"काका, जन्मदाखल्यावर 'कलर्ड' लिहिलंय. आमच्या यादीत तो पर्याय नाही."

"पोरी, तेव्हा मिसिसिपीत आम्हा सगळ्या काळ्यांपुढे तेच लिहायचे. मला विचारून नाही लिहिलं. मी एक दिवसाचा होतो."

"मला कळतं हो. संगणकाला कळत नाही."

"मग त्याला माझ्याकडे बघायला सांग."

पण माणसाकडे बघून ठरवणं म्हणजे भेदभाव, आणि केंद्र भेदभावाच्या कडक विरोधात होतं. "दोन ओळखीचे आणा," कॅमिल म्हणाली. "ते शपथेवर लिहून देतील."

होरेसने हे पाद्रीबाबांना सांगितलं, तीच चूक झाली. त्यांनी बुधवारच्या प्रार्थनेत व्यासपीठावरून जाहीर केलं, आणि व्यासपीठावरून मागितलेली मदत दोन माणसांत भागवायची त्या चर्चची रीत नव्हती. गुरुवारी सकाळी केंद्रात त्रेचाळीस जण हजर. बायका रविवारच्या टोप्या घालून. पुढे सगळं चर्च जिला 'मदर' म्हणे त्या एक्याण्णव वर्षांच्या मदर बूला, हातात मक्याच्या पावाची परात.

सगळ्यांनी शपथपत्रं लिहिली. केंद्राच्या अहवालात त्या दिवशी 'चव्वेचाळीस उद्योजकांना साहाय्य' अशी नोंद झाली. संध्याकाळपर्यंत कॅमिलने कागद वाचले आणि कपाळाला हात लावला.

"मदर, तुम्ही सगळ्यांनी ओडेसा पिकेटबद्दल लिहिलंय!"

"मग? होरेसला ओळखतो ते ओडेसाचा नवरा म्हणून. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चाळीस दिवस तिने जेवण पाठवलं. हा नुसता पोचवायचा. आणि वाटेत एक तुकडा खायचा."

"दोन," होरेस म्हणाला.

"ओडेसा कोण?"

"माझी बायको. तीन वर्षं झाली जाऊन."

कॅमिलने हळूच ते नाव संगणकात घातलं. "त्यांचा अर्ज आहे इथे, काका. अकरा वर्षांपूर्वीचा. साक्षीदारांअभावी अडकलेला. आणि... एका पत्त्यावर दोन अर्ज चालत नाहीत. तुमचा रद्द झाला."

"तिचा मागे घे मग."

"त्यासाठी अर्जदाराने स्वतः यावं लागतं."

"पोरी, ती येणार नाही."

"नाहीतर पोस्टाने सही..." कॅमिल मध्येच थांबली. केंद्रात लागल्यापासून तिच्याकडे पहिल्यांदाच पुढचा अर्ज नव्हता.

"आम्ही दिलेला शब्द परत घेत नसतो," मदर बूला म्हणाल्या. "त्रेचाळीस कागद तिच्या नावावर लाव. पाव खाऊन घे आधी."

शुक्रवारी दुपारी होरेसला बोलावणं आलं. त्रेचाळीस शपथपत्रं बघून संगणकाने माणसांना न विचारताच निर्णय दिला होता. कृष्णवर्णीय उद्योजिका, श्रीमती ओडेसा पिकेट. गाळा मंजूर.

"अगं, पण ती मेलीय."

"मृत्यूची नोंद दुसऱ्या खात्यात होते," कॅमिल खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांचं आमच्याशी बोलणं नाही. मागच्या संचालकांपासूनच. तुम्ही गाळ्यात राहू शकता, नोकर म्हणून."

"नोकर?"

तिने जुना अर्ज त्याच्यापुढे सरकवला. शेवटच्या रकान्यात ओडेसाचं ठसठशीत अक्षर होतं: 'नोकर – एक. होरेस. मीठ कमी टाकतो, लक्ष ठेवावं लागतं.'

होरेस बराच वेळ वाचत राहिला. एवढीशी ओळ, पण त्याचा चष्मा दोनदा पुसून झाला.

"काही चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आहे," कॅमिल म्हणाली.

"नको," होरेस म्हणाला. "तुमच्या ऑफिसात एवढाच कागद बरोबर आहे."