बारा किलोंचा एकांत

"बारा किलो!" ईरजनं जेवता जेवता जाहीर केलं. "तंबू, अंथरूण, चूल, खाणं, सगळं मिळून बारा किलो. वर एक ग्रॅम गेला तर नाव बदलीन!"

त्याच्या बायकोनं, मेहरीनं, त्याच्या ताटात आणखी भात वाढला. सव्वीस वर्षांत त्यानं ही प्रतिज्ञा इतक्या वेळा केली होती की ती पाळली असती तर ओळखपत्रावर फोटोला जागा उरली नसती.

पण या खेपेला ईरज खरोखर पेटला होता. यझद शहराच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेत त्याची तीस वर्षं गेली होती. तबसच्या रस्त्यावरच्या गावांतून पाण्याच्या बाटल्या यायच्या. खरानक, सागंद, रोबात अशी लेबलं लावलेल्या. कुठल्या विहिरीत किती क्षार, हे तो झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगायचा. आणि त्यातलं एकही गाव त्यानं पाहिलेलं नव्हतं! छप्पन्नाव्या वर्षी एका दुपारी सागंदची बाटली त्यानं उजेडात धरली आणि हात तसाच राहिला. हे पाणी तीस वर्षं आपल्याकडे येतंय, आपण एकदाही त्याच्याकडे गेलो नाही!

म्हणून सायकल. पाच दिवस, वाळवंटातून तबसपर्यंत, एकट्यानं. सायकल हे निमित्त, खरी ओढ होती ती एका रात्रीची. वर आभाळ, खाली वाळू आणि नजर पोचेल तिथवर माणूस नाही, अशी एकच रात्र! त्यांच्या गल्लीत हे सुख कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे कुणी शिंकलं तर तीन घरांतून तब्येतीची चौकशी व्हायची आणि चौथ्या घरातून औषध यायचं.

तयारी प्रयोगशाळेच्या शिस्तीनं सुरू झाली. तराजू घरी आला. पिस्त्यांची टरफलं काढली, निम्मं वजन गेलं. साखरेचे खडे दिवसाला सहा या हिशेबानं तीस मोजले. तंबूची तालीम मात्र तळघरात! अंगणात उभारला असता तर दहा मिनिटांत शेजारी गालिचा घेऊन आत येऊन बसले असते.

बारा किलोंचा काटा अकरा पूर्णांक नऊवर थांबला. ईरजनं वहीत नोंद केली, खाली रेघ मारली, आणि दार वाजलं.

मोठी बहीण तूबा! दोन घरं सोडून राहायची. सगळी गल्ली तिला आबजी म्हणायची. तिच्या दोन्ही हातांत बरण्या होत्या.

"ही वांग्यांची, ही लसणीची. लसूण सात वर्षं मुरलीय, ईरज जान, सांभाळून ने."

"आबजी, वजन..."

"वजन काय? उचलून थोडीच न्यायचंय! सायकलवर तर ठेवायचंय!"

या युक्तिवादाला पदार्थविज्ञानात उत्तर होतं, पण थोरल्या बहिणीसमोर ते देता येत नव्हतं. बरण्यांमागून डाळिंबं आली. डाळिंबांमागून मिठाईचे दोन डबे, लोकरीची गोधडी आणि चहाचं पाणी उकळायला एक पितळी समोवर. समोवर तरी कशाला? "वाटेत कुणी भेटलं तर?"

"कुणी भेटू नये म्हणूनच चाललोय, आबजी!"

तूबा खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

सोमवारी रात्री काटा एकतीसवर गेला. ईरजनं ती नोंद केलीच नाही.

मंगळवारी पहाटे त्यानं सायकल बाहेर काढली. तूबा दारात उभीच होती. तिनं कुराण उंच धरलं, तो वाकून खालून गेला. त्यानं पॅडल मारलं तसं तिनं मागे वाडगाभर पाणी ओतलं. पाण्यासारखा वाहत जा, पाण्यासारखा परत ये! वळणापर्यंत तो एका हातानं निरोप देत राहिला.

वळणानंतर सहाशे मीटरवर मागचं कॅरियर मोडलं!

लसूण वाचली. सात वर्षं मुरलेल्या गोष्टी सहजासहजी फुटत नाहीत. पण कॅरियरचे दोन्ही पाय दुमडले होते, दमलेल्या उंटासारखे. वेल्डिंगवाला म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी."

सायकल तिथेच ठेवून ईरज मागच्या बोळातून सामान ओढत घरी आला. मेहरीनं दार उघडलं. "तबस इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

"आबजीला सांगू नकोस!"

"अरे, दोन घरं सोडून राहते ती!"

"पाणी ओतलेला माणूस पाव तासात परत आला, हे तिला कसं सांगू? तुला माहितेय ना?"

मेहरीला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी तूबानं असंच पाणी ओतलं होतं, तिचा मुलगा कॅनडाला निघाला तेव्हा. तो पाण्यासारखा गेला. परत यायचं मात्र राहूनच गेलं. दर नवरोजला पुढच्या वर्षी येतो म्हणतो. तेव्हापासून तूबानं कुणाच्या मागे पाणी ओतलं नव्हतं, ते या मंगळवारी ओतलं. मेहरीनं तळघराचं दार उघडून दिलं आणि ईरज तंबूसकट तिथे राहायला गेला.

बुधवारी दुपारी तो पाणी प्यायला वर आला आणि खिशातला फोन वाजला. "पोचलास का रे खरानकला?"

"पोचलो, आबजी."

तूबा नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होती. तिचं प्रत्येक वाक्य ईरजला आधी खिडकीतून ऐकू यायचं आणि क्षणभरानं फोनमधून.

"कसं आहे गाव?"

ईरजनं डोळे मिटून लेबल आठवलं. "पाणी जरा खारट आहे. पण मागच्या वर्षीपेक्षा बरं."

इतक्यात गल्लीत भंगारवाल्याची गाडी शिरली. भोंगा गर्जला, "जुनं लोखंड, जुना फ्रिज, वाळकी भाकरी!"

"अगं बाई," तूबा म्हणाली, "तिकडेही भंगारवाला?"

"हो... इथेही येतो."

"बघ हं, पोटासाठी माणूस कुठे कुठे जातो! आमच्याकडेही आत्ताच आलाय."

ईरजनं खिडकी लावली आणि तंबूत जाऊन पालथा पडला. एकांत म्हणाल तर तळघरात भरपूर होता. पण वर आभाळ नव्हतं, लोणच्यांची फळी होती.

गुरुवारी सकाळपासून गल्लीत एक वास दरवळू लागला. कांदा तळल्याचा, पुदिना तळल्याचा. ईरज तंबूतून उठून बसला. हा वास तो ओळखत होता.

माणूस प्रवासाला गेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी आश करायची. शेवया, पालेभाजी, कडधान्यं घालून मोठं पातेलंभर घट्ट आश शिजवायची, गल्लीला वाटायची, आणि खाणाऱ्यानं गेलेल्यासाठी दुवा मागायची. तूबानं हे पातेलं नऊ वर्षांत चुलीवर चढवलं नव्हतं.

दुपारी मेहरी झाकलेला वाडगा घेऊन तळघरात उतरली. "घे. तुझी आश."

"मी कशी खाऊ? मी गेलोच नाहीये!"

"मग उपाशी राहा. चाळीस माणसं जेवतायत तिच्या अंगणात. आणि ऐक, नेमत आगा आलेत."

ईरजचा चमचा हवेतच थांबला. शेजारचे नेमत आगा एकोणतीस वर्षं यझद ते तबस बस चालवून निवृत्त झाले होते. त्या रस्त्यावरचा एकेक चहावाला, एकेक मेंढपाळ त्यांना मामा म्हणायचा.

"त्यांना आश इतकी आवडली की डोळे भरून आले," मेहरी सांगू लागली. "म्हणाले, आपला ईरज वाळवंटात एकटा आणि आपण इथे गरम गरम खातोय? धिक्कार असो! आणि लागले फोन लावायला. सागंदच्या चहावाल्यानं तुझ्यासाठी बकरं कापलंय."

"अरे देवा!"

"खरानकला त्यांचा मेहुणा आहे. तो म्हणाला, तीन दिवस मी रस्त्यावरच बसलोय, इथून एकही सायकलवाला गेलेला नाही."

ईरजनं वाडगा खाली ठेवला.

"आबजीनं ऐकलं?"

"फोन मोठ्या आवाजावर होता. तिच्या हातातली पळी पडली. आता पोरं गाड्या काढतायत तुला शोधायला. ती काहीच बोलत नाहीये, ईरज. नुसती बसलीय."

तूबा बोलत नाहीये! ईरजनं कान देऊन ऐकलं. दोन घरांपलीकडून येणारा तो आवाज, ज्याच्यापासून पाच दिवस लांब जायची त्याला ओढ लागली होती, तो खरंच थांबला होता. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीत शांतता होती, आणि ती ऐकवत नव्हती.

"मागच्या बोळातून जा," मेहरी म्हणाली, "आणि पुढच्या दारानं सायकल घेऊन ये. जणू आत्ताच परतलास."

"सायकल वेल्डिंगला आहे," म्हणत ईरज अनवाणी धावत सुटला.

अंगणात चाळीस चमचे एकदम थांबले. तूबा पातेल्याशेजारी बसली होती. तिनं वर पाहिलं. उठली, जवळ आली, त्याच्या गालावरून हात फिरवला, केसांतली तळघराची जळमटं काढली आणि मग कान पकडला.

"मेला नाहीस?"

"नाही, आबजी."

"गेलाही नाहीस?"

"नाही."

"मग ही आश कुणाची?"

नेमत आगांनी पातेल्यात डोकावलं आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "आश तर संपली!"

ईरजनं सगळं सांगितलं. कॅरियर, तळघर, खरानकचं पाणी, भंगारवाला. भंगारवाल्यापाशी दोघांतिघांना हसू फुटलं, तूबा हसली नाही.

"पण एकटं कशाला जायचं होतं तुला?"

"तिथे कुणी नसतं, आबजी. एक रात्र मला तसं राहून पाहायचंय."

तूबानं कान सोडला. "एकटं राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? माझ्याकडे यायचंस. नऊ वर्षं तेच तर करतेय."

आता हसणाऱ्यांनीही माना खाली घातल्या. ईरजला वाटलं, झालं. संपला आपला प्रवास. आता कुठल्या तोंडानं जायचं?

पण तूबानं डोळे पुसले आणि पळी उचलून सगळ्या अंगणावर रोखली. "ऐका! चाळीस माणसांनी आश खाल्लीय. चाळीस दुवा वर पोचल्यात. त्या काय परत मागवायच्या? आता याला जावंच लागेल! आणि जाऊन परत यावं लागेल, कळलं का? एक जण तरी जाऊन परत आलेला मला बघायचाय!"

"बकरं कापलंय, जावंच लागेल!" नेमत आगांनी दुजोरा दिला.

"नेमत आगा," ईरज काकुळतीला आला, "बकरं नको, मेहुणा नको. सगळ्यांना सांगा ना, मला एकटं राहू द्या म्हणून!"

नेमत आगांनी छातीवर हात ठेवला. "एवढंच? आत्ता फोन लावतो. कुणी तुझ्या वाऱ्यालाही उभं राहणार नाही. माझा शब्द!"

शुक्रवारी पहाटे दुरुस्त केलेलं कॅरियर, बारा किलो सामान. तूबानं स्वतःच्या हातानं बरण्या काढून घेतल्या होत्या. पाणी मात्र तिनं या वेळी अख्खी बादलीभर ओतलं.

आणि नेमत आगांचा शब्द खरा निघाला! दिवसभरात ईरजशी कुणी चकार शब्द बोललं नाही. एका टपरीवर त्यानं पाणी मागितलं, तर मालकानं नजर वळवून पेला सरकवला. खरानकमध्ये शिरला, तर रस्त्याच्या कडेला बारा-पंधरा गावकरी रांगेत उभे, सगळे त्याच्याकडे पाठ करून. ईरजला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण तो थांबला नाही. गाव मागे टाकून दोन किलोमीटर गेल्यावर त्यानं रस्ता सोडला, सायकल वाळूतून ओढत एका टेकाडामागे नेली आणि तंबू ठोकला.

सूर्य बुडत होता. डोंगर आधी तांबडे, मग जांभळे झाले. आवाज नाही. पान नाही, त्यामुळे पान हलण्याचाही आवाज नाही. ईरज वाळूवर उताणा झाला. तीस वर्षांत बाटलीतून जे आलं नव्हतं ते सगळं इथे पसरलं होतं. त्याचे डोळे भरून आले. पहिली चांदणी दिसली आणि तिच्याकडे बघण्यासाठी त्यानं मान वळवली.

पन्नास पावलांवर एक म्हातारा घोंगडी पांघरून त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

"कोण आहे?" ईरज दचकून उठला.

"कुणी नाही!" म्हाताऱ्यानं मान न वळवता उत्तर दिलं.

"कुणी नाही म्हणजे?"

"नेमत आगांचा मेहुणा. तुम्हाला एकटं राहायचंय ना, ते कुणी मोडू नये म्हणून राखणीला बसलोय. तुम्ही खुशाल एकटे राहा."

ईरजनं हळूच चौफेर पाहिलं. उजवीकडे एक पाठ होती. डावीकडे एक होती. टेकाडावर एक.

"रात्रभर?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"काळजी नको," म्हातारा म्हणाला, "पाळ्या लावल्यात."