पोस्ट खैरोंडे

मुक्काम खैरोंडे, पोस्ट चाफेगाव, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. या पत्त्यातली पहिली, तिसरी आणि चौथी गोष्ट चांगो पाटलाला मान्य होती. दुसरी मात्र वाचली की त्याचा घास अडकायचा. आपल्या गावानं चाफेगावच्या पोटात का राहायचं? त्यातून चाफेगावचा पोस्टमास्तर मोठा प्रेमळ. खैरोंड्याचं पत्र आधी स्वतः वाचायचा, मग पारावर चार माणसांना वाचून दाखवायचा आणि आठवड्यानं आठवण झालीच तर धाडून द्यायचा. खैरोंड्यात कोण आजारी आहे हे खैरोंड्याला चाफेगावाकडून कळायचं.

चांगो गावातला पहिला सातवी पास. दुसरा पोशा, पण त्याची सातवी चांगोच्या मते कच्ची होती. चांगोनं स्वतंत्र पोस्टासाठी अर्ज केला. दोन महिन्यांनी तो परत आला. खालापूर तालुक्यात याच नावाची एक वाडी असल्यामुळे नाव देता येत नाही, असं खात्याचं म्हणणं. चांगो डोंगराच्या कडेकडेनं चालत त्या वाडीत गेला. तिथं धाऊ नावाचा म्हातारा टोपली विणत बसला होता.

"तुमचं नाव आमाला द्या, बाबा," चांगो म्हणाला.

"ने की. आमाला कुनी पत्र लिवीत नाय नि आमी वाट बघीत नाय. पर नेऊन करनार काय?"

चांगोनं शाईची डबी उघडली. त्यानं कागदावर अंगठा तेवढा घेतला.

मंजुरी आली, ती एका वर्षाच्या बोलीवर. जागा अर्जदाराची, काम अर्जदाराचं. वर्षभर पुरेसं टपाल दिसलं तर पोस्ट कायम, नाहीतर पुन्हा चाफेगाव. चांगोनं आपली पडवी रिकामी केली, म्हणजे त्याच्या बायकोचं, सोनुबाईचं उखळ अंगणात काढलं.

"आनि भात कुठं कांडू? तुमच्या टपालपेटीत?" सोनुबाईनं विचारलं.

"सरकारी कामात बायकांनी बोलू नये."

पहिल्या महिन्यात कर्जतला जाणाऱ्या थैलीत दोन पत्रं पडली. दोन्ही चांगोनंच लिहिलेली, पोस्ट उत्तम चालल्याचं साहेबांना कळवणारी. अशानं वर्ष निघणार नव्हतं. त्यानं देवळात गाव गोळा केलं.

"घरटी आठवड्याला एक कार्ड. गावाच्या अब्रूचा सवाल हाय."

"लिवू कुनाला?" मोरूनं विचारलं. "माजे सोयरे सगळे हितंच हायेत."

"मंग हितंच लिव!"

गावाला लिहिता येत नव्हतं, ही फारशी अडचण नव्हती. लोक सांगायचे, चांगो लिहायचा. कार्ड थैलीतून कर्जतला जायचं, तिथले शिक्के खायचं आणि तिसऱ्या दिवशी परत यायचं. मग ज्याचं त्याला चांगोच वाचून दाखवायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी सगळ्यांची खुशाली विचारली. दुसऱ्या आठवड्यात खुशाली संपली.

जना आली आणि पडवीत मांडी घालून बसली. "लिव, चांगोदादा. इंदूबाईस. तुजी कोंबडी माज्या मिरच्या उकरती. तुज्या घरच्या मानसांनापन असंच वळन हाय."

"अगं, समोर तर राहाती ती. हाक मारून सांग."

"तोंडावर कसं बोलायचं? शेजार हाय."

तिसऱ्या दिवशी चांगोनं ते इंदूबाईच्या दारात उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, कारण वाचायचं तर स्पष्ट, असा त्याचा बाणा.

"हे तू लिवलंस?" इंदूबाईनं विचारलं.

"लिवलं मी, बोलली ती."

"बरं. मंग बस खाली. आता माजं लिव."

आणि पोस्टाला बरकत आली. मोरूनं नामाला बांधाबद्दल लिहिलं. नामानं मोरूच्या आजोबांपर्यंतचा इतिहास कळवला. समोरासमोर भेटले की सगळे गोड हसत, "जेवलात का?" विचारत आणि घाईनं पोस्टाकडे वळत. दहा पावलांवरून ओरडता आलं असतं ते कर्जतची वारी करून येऊ लागलं. इतकं सभ्य भांडण त्या पट्ट्यात कुणी पाहिलं नव्हतं. चांगोला जेवायला सवड उरली नाही. त्याला मात्र आपण गाव सुधारलं असं वाटत होतं.

वर्ष भरलं तसे तपासनीस साहेब आले. त्यांनी त्या दिवशीची आलेली थैली उघडली. एक्केचाळीस कार्डं. चांगोची छाती फुगली.

साहेबांनी एक कार्ड वाचलं. दुसरं वाचलं. दहावं वाचून चष्मा काढला.

"पाटील, हे अक्षर कुणाचं?"

"माजं, सायेब."

"आणि हे?"

"तेपन माजंच."

"म्हणजे टपाल दाखवण्यासाठी तुम्ही एकट्यानं सबंध गावाला शिव्या लिहिल्यात?"

चांगोनं कानाला हात लावला. "नाय ओ! लोकांनी सांगितल्या, मी लिवल्या. बोलावतो सगळ्यांना."

गाव पडवीसमोर जमलं. साहेबांनी वरचं कार्ड उचललं. "जनाबाई, इंदूबाईला 'चोरटी' असं तुम्ही लिहायला सांगितलंत?"

जनानं इंदूबाईकडे पाहिलं. इंदूबाई हातभर अंतरावर उभी होती.

"मी? अगं बया! इंदू तर माज्या भैनीसारकी!"

"आमचं कदी वाकडं नाय, सायेब," इंदूबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मोरू आणि नामा तर एकमेकांच्या बांधाचं कौतुक करू लागले. साऱ्या खैरोंड्यात वाईट मनाचा एकच माणूस निघाला, आणि तो पोस्टमास्तर होता.

"खोटं टपाल," साहेब म्हणाले. "पोस्ट बंद." त्यांनी पेन काढलं. कर्जतला जायची थैली तेवढी तपासायची राहिली होती. तिच्यातून एक कार्ड निघालं. अक्षर वेगळं, आणि वर पत्ता साहेबांचाच. साहेब मोठ्यानं वाचू लागले.

"सायेबास सोनुबाईचा नमस्कार. माजा नवरा पाटेपासून लोकांची भांडनं लिवतो. जनीची महिन्यात बारा कार्डं, इंदूची तेरा. मोरू नि नामा आळीपाळीनं येतात, मंजी गाठ पडू नये. दारात रांग हाय, भात कांडायला जागा नाय. तरी पोस्ट आमच्या पडवीतून उचला. हस्ते पोशा."

अंगणात कुणी कुणाकडे पाहिना. जनानं खांद्यावरचा हात हळूच झटकला. सोनुबाई दारातून म्हणाली, "खोटं असंल तर सांगा की आता."

कुणी सांगितलं नाही. साहेबांनी शेरा लिहिला: टपाल खरं, पोस्ट कायम. खाली दुसरी ओळ लिहिली: तक्रारही खरी, सबब कार्यालय पोशाच्या घरी हलवावं.

पोस्ट खैरोंडे अशा रीतीनं अढळ झालं. दुसऱ्या दिवशी चांगो लिहिलेलं कार्ड घेऊन पोशाच्या ओट्यावरच्या रांगेत उभा राहिला. नंबर आला तसं पोशानं ते उलटसुलट पाहिलं आणि परत केलं.

"तुज्या अक्षरातलं घ्यायचं नाय, सायेबाचा हुकूम हाय. तू सांग, मी लिवतो."

चांगोनं मागं पाहिलं. जना, इंदूबाई, मोरू, नामा, सगळे कान देऊन उभे होते. तो खाली वाकून पुटपुटला, "लिव. सोनुबाईस..."

"जरा मोठ्यानं सांग रं," पोशा म्हणाला. "वाचायचं तर स्पष्ट, मंग सांगायचं का नाय?"